पंख्यात दोर गेला की काय करायचं: बोटीवर नवीन लागलेल्या पोरांसाठी

दिवाळीनंतर मालवण-तारकर्ली-देवबागात पर्यटकांची गर्दी सुरू होते आणि बोटींवर नवीन पोरं लागतात, कुणी कॉलेजची सुट्टी म्हणून, कुणी घरच्या पातीवर, म्हणजे मासेमारीच्या छोट्या होडीवर काम केलेला, कुणी तर पोहायला येतं एवढ्याच भांडवलावर. पहिल्या आठ दिवसात त्यातल्या निम्म्यांच्या हातून एकदा तरी बनाना राइडचा, म्हणजे माणसं बसवून बोटीमागं ओढतात त्या केळ्यासारख्या हवा भरलेल्या तराफ्याचा दोर पंख्यात, म्हणजे इंजिनाच्या प्रोपेलरमध्ये जातो. माझ्याही गेलेला. तर ह्यो लेख त्यांच्यासाठी. आउटबोर्ड, म्हणजे मागच्या काठावर बाहेर लटकवलेल्या इंजिनाच्या छोट्या फायबर बोटी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, मोठ्या आतल्या इंजिनाच्या बोटींचं शेवटी थोडं सांगतो कारण तिथं प्रकरण वेगळं आहे.

आधी माझं सांगतो म्हणजे कळेल दोर जातो कसा. पहिलाच सीझन, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अलीकडं राइड चालू होती, सहा जण बनानावर, ठरल्याप्रमाणं शेवटी वळणावर त्यांना पाण्यात पाडलं, सगळे हसतायत, व्हिडिओ काढतायत, आणि मी त्यांना घ्यायला बोट फिरवली. त्यातली एक बाई घाबरली, ओरडायला लागली, म्हणून मी घाईत थोडं पुढं गेलो, लांब पडलो, म्हणून रिव्हर्स टाकला. मागं दोराकडं बघितलंच नाही. एक ‘घर्र’ आवाज आला, इंजिन धापा टाकत बंद पडलं, मी काय करावं तर किल्ली फिरवून परत स्टार्ट मारायला गेलो. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, तिकडून ओरडला, "रे मेल्या, हात काढ थयसून! माणसां पाण्यात आसत!" ते वाक्य अजून कानात आहे. दोराचं नंतर, इंजिनाचं त्याच्याही नंतर, आधी पाण्यातली माणसं, हे तेव्हा कळलं.

आता हे समजून घ्या की ताणलेला दोर पंख्यात जात नाही, सैल पडलेला जातो. बोट पुढं ओढत असते तोवर दोर मागं सरळ असतो, पंख्याच्या वर, लांब. माणसं पाडली, स्पीड कमी झाला, बोट वळली की तोच पंधरा-वीस मीटर दोर पाण्यात वेटोळं करून पडतो आणि तुम्ही त्याच वेटोळ्यावरून परत येता. त्यात रिव्हर्स म्हणजे तर पंखा मागचं पाणी आपल्याकडं ओढतो, पाण्याबरोबर दोर पण. म्हणून बोटीवर दोन माणसं असतात, एक चालवणारा आणि एक दोर सांभाळणारा, आणि नवीन पोराला कायम दोरावर बसवतात कारण ते काम सोपं वाटतं. माझ्या मते उलटं पायजे. चालवणं कुणालाही जमतं, दोरावर लक्ष ठेवणारा माणूस पक्का पायजे.

दोर कसला आहे ह्यानं पण फरक पडतो. नायलॉन पाण्यात बुडतो, समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास आणि नायलॉनची १.१४, त्यामुळं सैल पडला की सरळ पंख्याच्या पातळीला खाली जातो. पॉलिप्रॉपिलीन ०.९१, म्हणजे तरंगतो, दिसतो, आणि दिसला की हातानं ओढून घेता येतो. तरी मासेमारीचा जुना नायलॉन दोर घरात पडलेला असतो म्हणून तोच लावणारे लोक आहेत, दोन-तीन हजार वाचवायचे म्हणून. पॉलिप्रॉपिलीनची अडचण एकच, उन्हानं तो कडक होतो, केस निघाल्यासारखे धागे सुटतात, हाताला टोचायला लागला की समजा बदलायची वेळ झाली. बोटीकडच्या टोकाला पहिल्या दोन-तीन मीटरवर जाळ्याचे फ्लोट ओवून टाका, जुन्या जाळ्याचे मिळतात, फुकट काम होतं.

बरं, गेलाच पंख्यात. आता काय?

पहिल्या अर्ध्या मिनिटात

इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. किल स्विचची ती लाल गुंडाळीची दोरी ओढा, क्लिप निघते, इंजिन मरतं, आणि ती क्लिप स्वतःच्या खिशात टाका, किल्ली असेल तर किल्लीपण. खिशात का, तर तुम्ही मागं वाकून पंख्यात हात घातलेला असताना बोटीवरचा कुणीतरी हुशार पाहुणा ‘मी ट्राय करू का’ म्हणून किल्ली फिरवतो. हसू नका, अशी माणसं बघितलीत.

दोर अडकलाय हे कळलं कसं? इंजिन एकदम जड होऊन बंद पडतं, किंवा बंद न पडता आवाज दबतो आणि बोट पुढं जात नाही, किंवा दोर अचानक बोटीकडं सर्रकन ओढला जातो. हा तिसरा प्रकार वाईट, कारण त्या दोराच्या वेटोळ्यात कुणाचा पाय, कुणाची बोटं असू शकतात. दोरावर बसणाऱ्यानं मनगटाला, बोटाला दोर गुंडाळून धरायचा नाही, कधीच, आणि पायाखाली वेटोळं ठेवायचं नाही.

मग माणसं मोजा. मोठ्यानं मोजा. सगळ्यांच्या अंगावर जॅकेट आहे, सगळी वर आहेत, कुणाच्या पायात दोर नाही. बोट हलत नाही म्हणजे तुम्ही त्यांच्याकडं जाऊ शकत नाही, त्यांना सांगा बनानाला धरून रहा, बोटीच्या मागच्या बाजूला येऊ नका. रिंग बोय, ते तरंगतं गोल कडं, असेल तर फेका. शेजारी दुसरी बोट असेल तर हात वर करून हाक मारा, लाज वाटून घ्यायची नाही, मालवणसमोर सीझनला दोन मिनिटात कुणीतरी येतं आणि माणसं उचलतं. ती आली की त्यांना सांगा दोर कुठं आहे, नाहीतर त्यांचा पंखा पण तुमच्याच दोरात जाईल आणि मग दोन बोटी एकाच दोराला लटकलेल्या, हे पण झालेलं आहे.

बोट कुठं चाललीय ते बघा

ह्या स्टेपला सगळे विसरतात. दोर सोडवायच्या नादात सगळे मागं वाकतात आणि बोट निवांत खडकावर जाते. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत, ओहोटीला दिसतात, भरतीला दिसत नाहीत. देवबागात कर्ली नदीच्या मुखाजवळ ओहोटी जोरात असेल तर बोट बाहेर समुद्रात खेचली जाते. सकाळी वारा जमिनीवरून असतो, मतलई, तो बाहेर ढकलतो, आणि दुपारनंतर समुद्रावरचा वारा किनाऱ्याकडं, लाटांत ढकलतो. म्हणून आधी नजर फिरवा, खडक किती लांब, लाटा कुठं फुटतायत, आपण कुठं सरकतोय.

नांगर टाका. पुढून, नाळीवरून. मागून नाही. आउटबोर्डच्या बोटीचा मागचा काठ इंजिनासाठी मुद्दाम कापून खाली घेतलेला असतो, मागून बांधलेल्या बोटीवर लाट आली की सरळ आत. आता गंमत अशी की पंख्यात अडकलेला दोर आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला सहा माणसं बसतील एवढा बनाना, हे पण मागून टाकलेल्या नांगरासारखंच काम करतं, बोटीची मागची बाजू लाटांकडं धरून ठेवतं. म्हणून बनाना आधी मोकळा करा. बनानाच्या बाजूचा हूक निघत असेल तर तिथून काढा, नाहीतर दोर ताणात असताना बोटीजवळ कापा, आणि कापायच्या आधी बाहेरच्या भागाला एक फ्लोट किंवा रिकामा कॅन बांधा म्हणजे तो दुसऱ्याच्या पंख्यात जाणार नाही. बनाना गेला तर मागून मिळतो, कुणीतरी आणून देतं, वर चहा मागतं.

नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडा, चार मीटर पाणी असेल तर वीस-पंचवीस मीटर. वाळूत लगेच धरतो. आणि तो नांगराचा दोर पण मागं वाहून येऊ देऊ नका, दिवस खराब असेल तर तोही पंख्यात जातो.

इंजिन उचला आणि नुसतं बघा

गिअर न्यूट्रलला आहे ना बघा, मग इंजिन टिल्ट करून पंखा पाण्याच्या वर काढा. बोटीवर लोक असतील तर सगळ्यांना पुढं पाठवा, मागं एकच माणूस, नाहीतर मागचा काठ पाण्याला टेकतो. टिल्टचा लॉक नीट बसलाय का हलवून बघा, चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन हातावर पडलं तर दोर राहिला बाजूला, हॉस्पिटल.

आता हात लावायच्या आधी एक मिनिट नुसतं बघा. मोबाईलनं एक फोटो काढा पायजे तर. दोन गोष्टी शोधायच्या: मोकळं टोक कुठं आहे, आणि गुंडाळला कुठल्या दिशेनं आहे. साधा पंखा पुढं जाताना मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. म्हणजे पुढं जाताना अडकला असेल तर पंखा उलटा, काट्यांच्या विरुद्ध फिरवून सुटणार, आणि माझ्यासारखा रिव्हर्समध्ये अडकवला असेल तर सुलटा फिरवून. हे न बघता जो तो जिकडं जोर लागेल तिकडं ओढतो आणि गाठ आणखी आवळते.

टोक हातात धरून हलका पण सतत ताण द्यायचा आणि दुसऱ्या हातानं पंखा हळूहळू फिरवायचा. झटके नाही. तीन-चार वेढे असतील आणि दोर वितळलेला नसेल तर दहातले सात वेळा असाच सुटतो, हा माझा अंदाज हां, मोजलेलं नाही. पंख्याच्या पात्याच्या कडा लागतात, दगडावर घासून घासून ब्लेडसारख्या झालेल्या असतात, ग्लोव्ह्ज घाला, नसतील तर टॉवेल गुंडाळा.

‘एकदा रिव्हर्स मारून बघूया, सुटेल’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक बोटीवर असतो. त्याचं ऐकू नका. क्वचित सुटतो म्हणूनच ही सवय मरत नाही. बाकी वेळा दुसरं टोकपण आत जातं, दोर हब (पंख्याचा मधला गोल भाग) आणि गिअरकेस (त्याच्या पुढचं गिअरचं घर) ह्यांच्या मधल्या फटीत घुसतो आणि घर्षणानं वितळतो. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशाच्या पुढं वितळतं, इंजिनाच्या ताकदीपुढं ते काहीच नाही. वितळलेला दोर म्हणजे मग दोर राहत नाही, प्लास्टिकच्या बादलीचा तुकडा होतो.

कापायचं कसं

सुटत नसेल तर कापा, दोराची माया धरू नका. साधी भाजीची सुरी ओल्या दोरावर घसरते, दातेरी सुरी पायजे, पाव कापायची असते तसली, नाहीतर हॅक्सॉचं ब्लेड, एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळून मूठ केलेलं. ब्लेड पन्नास रुपयांच्या आत मिळतं, दोन ठेवा, एक पडणारच आहे. सुरीला मनगटाची दोरी बांधा.

एकेक वेढा वेगळा कापत बसायचं नाही. हबच्या लांबीला समांतर, म्हणजे इंजिनाच्या बाजूपासून मागच्या नटाच्या दिशेनं एकच चीर सगळ्या वेढ्यांवरून घ्या, बांगड्या कापल्यासारखे सगळे वेढे एकदम सुटतात. सुरीचा जोर कायम इंजिनापासून लांब, नटाकडं. पंख्याच्या पुढच्या बाजूला शाफ्टवर ऑइल सील आहे, तिथं सुरीचं टोक गेलं की दोर काढताना गिअरबॉक्सचा खर्च अंगावर. आणि वितळलेलं आहे म्हणून लायटर लावायचा नाही, पेट्रोलची टाकी तुमच्या पायाशी आहे.

अर्धं सुटलं, बाकी आत घट्ट बसलंय, तर समुद्रात पंखा खोलायच्या फंदात पडू नका. नट, वॉशर, स्प्लिट पिन ह्यातलं एक जरी पाण्यात पडलं तर इंजिन चांगलं असूनपण घरी येता येणार नाही. ओढत नेऊन किनाऱ्यावर खोला.

ओढून न्यायचं असेल तर

दुसऱ्या बोटीनं टो करायचं तर तुमचं इंजिन वर उचललेलंच ठेवा. दोर नाळीवरच्या मजबूत कड्याला किंवा खांबाला, रेलिंगला नाही. ओढणाऱ्या बोटीनं दोर सैल असताना एकदम जोर लावायचा नाही, आधी इंच इंच पुढं जाऊन दोर सरळ करायचा, कारण त्यांच्या पंख्यात दोर जायची सगळ्यात मोठी शक्यता ह्याच घडीला. दोर ताणला की त्याच्या रेषेत कुणी बसायचं नाही, नायलॉन तर रबरासारखा ताणतो आणि तुटला की टोक चाबकासारखं परत येतं. स्पीड चालण्याएवढाच. थांबायचं असेल तर ओढणाऱ्यानं आधी हातानं खूण करायची, तो अचानक थांबला की दोर परत सैल आणि तुमची बोट त्याच्या मागच्या भागावर.

आणि कुणीच नाही आसपास, वारा वाढतोय, नांगर धरत नाही? मग वाट बघत बसू नका, उजेड असताना फोन करा. कोस्ट गार्डचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६. किती माणसं, कुठं, कुठल्या दिशेनं वाहतोय, हे तीन आधी सांगा. मोबाईल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात, बोटीच्या खणात नाही.

किनाऱ्यावर आल्यावर

ह्या भागाला लोक कंटाळतात आणि इथंच खरा खर्च लपलेला असतो. दोर निघाला, इंजिन चालू झालं, संध्याकाळच्या चार राइड अजून बाकी आहेत, कोण पंखा खोलणार. पण खोला. त्याच दिवशी.

खोलायच्या आधी किल स्विचची क्लिप खिशात आहे ना परत बघा. पंखा फिरू नये म्हणून पाते आणि वरची आडवी प्लेट ह्यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, स्प्लिट पिन सरळ करून काढा, नट सोडवा, आणि जे जे निघेल ते ज्या क्रमानं निघेल त्याच क्रमानं टॉवेलवर मांडत जा. वॉशर उलटसुलट बसले की पंखा गिअरकेसला घासतो. वाळूवर ठेवू नका, पितळी नट वाळूत पडला की शोधायला अख्खं गाव लागतं.

पंखा निघाला की शाफ्टवर, थ्रस्ट वॉशरच्या मागं बघा. दोराचे बारीक धागे तर असतातच, पण बहुतेक वेळा तिथं तंगूस, म्हणजे गळाची बारीक प्लास्टिकची दोरी सापडतो, महिन्यापूर्वी कधीतरी गेलेला, कुणाला पत्ताच नाही. जाड दोर आवाज करतो, इंजिन बंद पाडतो, म्हणून कळतं. तंगूस गपचूप जातो आणि रोज थोडं थोडं सील कापत बसतो. मला विचाराल तर दोरापेक्षा मी तंगूसला जास्त घाबरतो. चिमट्यानं सगळा काढा, सीलभोवती ऑइलचा ओला डाग आहे का बोटानं बघा.

सीलची शंका असेल तर बोट रात्रभर उभी राहू द्या, इंजिन सरळ उभं, आणि सकाळी खालचा गिअर ऑइलचा स्क्रू थोडासाच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रीत खाली बसतं, त्यामुळं गेलं असेल तर आधी पाण्याचे थेंब येतात. इंजिन चालवून लगेच बघितलं तर दुधाळ, चहासारखं ऑइल येईल. दोन्हीचा अर्थ एकच, सील बदलल्याशिवाय ते इंजिन पाण्यात घालायचं नाही, मालक काही म्हणो.

परत बसवताना शाफ्टच्या दातांना मरीन ग्रीस लावा, नवीन स्प्लिट पिन घाला. जुनी परत वाकवून वापरू नका, दहा रुपयांची पण नसते ती. छोट्या इंजिनांना शिअर पिन असते, झटका बसला की ती मुद्दाम तुटते म्हणजे गिअर वाचतात, तिच्या जागी खिळा घालणारे महाभाग आहेत, मग पुढच्या वेळी तुटतो तो गिअर. मोठ्या पंख्यात पिनऐवजी रबरी बुश असतो. चाचणी घेताना इंजिन गरजतंय पण बोट त्या मानानं पळत नाही असं झालं तर तो बुश आतल्या आत फिरतोय, पंखा दुकानात न्या.

चाचणी पण रिकाम्या बोटीनं. आधी न्यूट्रलला स्टार्ट, मागून थंडाव्याच्या पाण्याची धार नीट येतेय का बघा, मग हळू पुढं, हळू मागं. थरथर जाणवली तर पातं वाकलंय किंवा शाफ्ट. तशा बोटीवर माणसं बसवायची नाहीत.

मोठ्या बोटींचं

आतल्या इंजिनाच्या बोटीत पंखा वर उचलता येत नाही, हा मूळ फरक. दोर किंवा वाहून आलेलं जाळं शाफ्टवर गुंडाळलं की कुणालातरी पाण्यात उतरावं लागतं, आणि ट्रॉलरवरचे खलाशी ते करतात म्हणून तुम्ही पण करावं असं नाही. लाटेवर बोटीची मागची बाजू मीटर-मीटर वरखाली होते आणि खाली असलेल्याच्या डोक्यावर येते. समुद्र अगदी सपाट, इंजिन बंद, किल्ली उतरणाऱ्याच्याच ताब्यात, डोक्यावर हेल्मेट, डोळ्याला मास्क, आणि वर एक माणूस फक्त त्याच्याकडं बघत. कमरेला लांब सैल दोरी बांधून उतरवू नका, ती पण त्याच जंजाळात अडकते, त्यापेक्षा बोटीच्या बाजूनं धरायला एक ताणलेला दोर बांधा. अंधार पडला असेल, प्रवाह असेल तर उतरायचंच नाही, टो घ्या.

आणि अशा बोटीत दोर अडकला की आधी खाली इंजिनाच्या खणात जाऊन बघा पाणी येतंय का. दोराच्या ओढीनं शाफ्ट मागं सरकतो, कपलिंग, म्हणजे इंजिन आणि शाफ्टचा जोड सुटतो, आणि शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून पाणी सुरू होतं. वर सगळे दोर सोडवतायत आणि खाली घोटाभर पाणी, असं नको.

शिकायचं असेल तर गोव्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स आहे, पॉवरबोट चालवायचे, जीव वाचवायचे कोर्स होतात. कोर्स केला तरी दोरावरची सवय मात्र बोटीवरच लागते. आम्ही नवीन पोराला पहिले आठ दिवस एकच काम देतो: बोट वळायच्या आधी दोर हातानं ओढून आत घ्यायचा, सगळा, आणि ओरडायचं ‘दोर वर!’ तो आवाज आल्याशिवाय चालवणारा गिअरला हात लावत नाही. पाहुण्यांना वाटतं हा राइडचाच भाग आहे, आता तेपण ओरडतात.

कापलेले तुकडे पाण्यात टाकू नका, बादलीत भरून वर आणा. एकदा मी टाकलेला तुकडा तीन दिवसांनी माझ्याच पंख्यात आला होता, निळा दोर, टोकाला माझीच गाठ.